किल्लीचा झेंडा

"अगो, देशाचा झेंडा हाय की सासूच्या कमरेचा जुडगा?" सिंधूकाकी म्हणाली आणि तोंडातलं पान सांभाळत हसली.

बाकीच्या बायकाही हसल्या. टीव्हीवर टोराविया नावाच्या देशातला तुरुंग दिसत होता आणि तुरुंगाच्या बुरुजावर त्या देशाचा झेंडा फडफडत होता. वर जांभळा, खाली हळदीसारखा पिवळा, मध्ये पांढरा गोल आणि गोलात एक काळी किल्ली. हा देश काल्पनिक आहे, असं मालिका सुरू होताना पाटीवर लिहून येई. पण आमच्या वाडीतल्या बायकांना त्याचं काय? भारतातला एक देखणा इंजिनिअर तिथे विनाकारण कोंडला गेला होता आणि दर रविवारी संध्याकाळी त्याच्यासाठी डोळे पुसायला त्या आमच्या ओटीवर जमत. रंगीत टीव्ही वाडीत आमचा एकट्यांचा होता.

मी कोपऱ्यात सूप घेऊन तांदूळ निवडत होते. काकी जुडगा म्हणाली म्हणून मान वर केली, झेंडा पाहिला आणि माझी नजर आपोआप टीव्हीच्या वर हातभर सरकली.

तिथे भिंतीवर माझ्या मोठ्या भावाचा, जनादादाचा फोटो होता. पांढरा गणवेश, खांद्यावर पट्ट्या, एक हात जहाजाच्या कठड्यावर. मागे जहाजाचा झेंडा. फोटोत तो वाऱ्याने दुमडला होता, किल्लीचा नुसता दांडा दिसत होता. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या ते लक्षात आलं नसतं. पण ती काच रोज मी पुसत होते. जांभळा, पिवळा, पांढरा गोल. तोच झेंडा.

मी सूप खाली ठेवलं.

तेवढ्यात टीव्हीवर तुरुंगाचं फाटक उघडलं. दोन पहारेकरी बंदुका घेऊन उभे होते. त्यातला एक ओरडला, "होशियार!" शिरस्त्राणाखाली त्याचं तोंड धड दिसलंही नाही.

आई अगदी टीव्हीला नाक लावून बसलेली असायची. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते, तिला नुसत्या सावल्या हलताना दिसत. तिने एकदम मान वर केली.

"कोण ओरडला गो?"

"पहारेकरी," मी म्हटलं.

आणि टीव्ही काळा झाला. आबा उठून भिंतीपाशी उभे होते, वायर त्यांच्या हातात होती.

"जळल्याचा वास आला," आबा म्हणाले. "वायर तापली वाटतं. आज र्‍हाऊ दे."

बायका कुरकुरत उठल्या. ऐन रंगात आलेला खेळ मोडला म्हणून सिंधूकाकी जाताना दोन शब्द बोलून गेली. मला मात्र कसलाच वास आला नव्हता, आणि माझं नाक मांजराचं आहे.

आमचे आबा, भिकाजी कीर, मालवाहू जहाजावर सुकाणी होते. जहाजाचं चाक धरायचं आणि बंदर आलं की झेंडे चढवायचे-उतरवायचे, हे त्यांचं काम. सारा जन्म दर्यावर काढून घरी आले, तेव्हा त्यांच्याजवळ एक शीड शिवायची सुई, एक रंगीत टीव्ही आणि डोक्यात सगळ्या दुनियेचे झेंडे होते. लहानपणी संध्याकाळी परवचा म्हणून झाला की आमचे झेंडे सुरू व्हायचे. "आडवे तीन पट्टे, मधला पिवळा, कोणाचा?" मी फटाफट सांगायची. जना त्यात अगदी ढ होता. त्याला नक्कल यायची, शिमग्याच्या सोंगात राजा व्हायला आवडायचं. पण आबांना मुलगा दर्यावरच पाठवायचा होता, आणि जनाने आबांना कधी नाही म्हटलं नाही. त्या घरात नाही म्हणायची पद्धतच नव्हती.

तो मुंबईला गेला आणि काही महिन्यांनी पत्र आलं की परदेशी कंपनीच्या जहाजावर लागलो. सोबत हा फोटो. मी झेंडा पाहून विचारलं होतं, हा कोणाचा? मला ओळखता येईना, याचंच मला वाईट वाटलं होतं. आबा बराच वेळ फोटो हातात धरून होते. मग म्हणाले, "पश्चिमेकडे एक बारका देश हाय. कंपन्या जहाजं तिथे नोंदवतात." आबा म्हणाले म्हणजे संपलं. त्यांनी रत्नागिरीहून चौकट करून आणली आणि विचारील त्याला तो बारका देश समजावून सांगितला. त्यानंतर जना घरी म्हणून आला नाही. कंपनी रजा देत नव्हती. महिन्या-दोन महिन्यांनी वाडीतल्या खेडेकरांच्या दुकानात फोन करायचा, कधी सिंगापूरहून, कधी डर्बनहून. एकदा डर्बनला मागून कुल्फीवाल्याची घंटा ऐकू आली होती. तिकडेही कुल्फी खात असतील, अशी मी मनाची समजूत घातली होती.

त्या रविवारी दिवेलागणीला आबा विहिरीवर पाय धूत होते. मी कळशी घेऊन गेले ती तशीच उभी राहिले.

"आबा, तो झेंडा दादाच्या फोटोतला होता."

"व्हय."

"मग तो देश—"

"नाय तसा देश. जगातल्या एका पण बंदरात तो झेंडा नाय."

"तुम्हाला कधी कळलं?"

"पाकीट फोडला तेव्हाच." आबांनी पायावर आणखी एक तांब्या ओतला. "झेंडा खोटा, कठडा लाकडाचा, रंग दिलेला. कुठे नाटका-सिनेमात उभा र्‍हायला असंल, ते मला तेव्हाच समजला. आज तो पहारेकरी ओरडला, तो आवाज पण त्याचाच."

मला रडू येत होतं आणि संतापही. "आणि तरी तुम्ही गावभर त्या देशाची माहिती सांगत सुटलात?"

"लोक विचारीत होते, बाय. पोराने घरी चांगली बातमी पाठवलान. ती खोटी हाय म्हणून मी दवंडी पिटू?"

"निदान त्याला तरी सांगायचं होतं, की मला कळलंय म्हणून."

"सांगितला असता तर तो फोन करायचा पण बंद झाला असता." आबा पंच्याने पाय पुसत राहिले. "मला वाटला होता, चार महिन्यांत खरंच कुठल्या जहाजावर लागंल. मग हा फोटो काढून दुसरा लावू. दिवस गेले. आता काय बोलायचा, ते मला पण सुधरत नाय."

आबांना न सुधरणारी गोष्ट मी तोवर पाहिली नव्हती. मी कळशी भरली आणि आत आले. चुलीपाशी आई भाकरी थापत होती, डोळ्यांनी नाही, हातांनी. तिने काही विचारलं नाही. मला वाटलं, हिला काही कळलेलं नाही, एका अर्थी बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी आईने नवीनच काढलं. डोळ्यांचा डॉक्टर कधीपासून म्हणत होता, बिंदू पिकलेत, या. ती टाळत होती. आता म्हणाली, "डोळे करून घेईन. पण जना आला तरच. पट्टी सुटली की पयला तोंड त्याचाच बघायचा. नायतर नको माला डोळे."

"अगो, कंपनी त्याला—" मी बोलायला लागले.

"कंपनीला आई नाय काय?" आई म्हणाली.

झालं. आईचा हट्ट म्हणजे खडकावरचं शिंपलं, सुरी मोडेल पण ते निघायचं नाही. जनाचा फोन आला तेव्हा मी दुकानात धावत गेले. आबांनी वाटेतच बजावलं होतं, "फोनवर एक अक्षर बोलू नको टीव्हीचा. नुसता ये म्हण. त्याला काय सांगायचा ते मी सांगीन. माझ्या पद्धतीने."

मी आईचे डोळे सांगितले.  मग जना म्हणाला, "येतो. जहाज मुंबईला लागतंय पुढच्या आठवड्यात. गुरुवारी दुपारच्या एसटीने येतो."

आईने ते ऐकलं आणि त्या दिवसापासून घर पालटलं. दारापुढचं अंगण सारवून झालं, तिरफळ घातलेलं बांगड्याचं कालवण करायचं ठरलं, कढीसाठी सोलं भिजत पडली. ती आठवडाभर हातांनी घर चाचपत फिरत होती आणि गुणगुणत होती. मी तिला इतक्या आनंदात पुढे कधी पाहिलं नाही.

आणि आबांनी ट्रंकेतून शीड शिवायची सुई काढली.

आईचं जुनं जांभळं लुगडं, माझी विटलेली पिवळी ओढणी, त्यांच्या स्वतःच्या गणवेशाची पाठ. ते पडवीत बसून कापत होते, शिवत होते. गोल त्यांनी ताटली ठेवून आखला. किल्ली मोडक्या छत्रीच्या काळ्या कापडातून कातरली. मी पाहिलं आणि हातातलं काम टाकून पडवीत गेले.

"आबा, हे काय करताय?"

"दिसत नाय?"

"दादाला काय वाटेल? त्याला कळेल तरी का, तुम्हाला काय म्हणायचंय ते?"

आबा दोरा दाताने तोडून म्हणाले, "दर्यावरच्या माणसाला हे सांगावा लागत नाय. बंदरात शिरताना तो पयला हेच बघतो."

मी आणखी विचारायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. पण झेंड्यांच्या बाबतीत त्या घरात आबांच्या पुढे कोण बोलणार? ते म्हणाले त्याला कळेल, म्हणजे कळेल.

गुरुवारी सकाळी अंगणात उंच बांबूवर टोरावियाचा झेंडा चढला. वारा खारा होता, चांगला फडकला. सिंधूकाकी कुंपणापाशी येऊन कपाळावर हात धरून बघत राहिली.

"भिकाजीदादा, ह्यो तर टीव्हीतला झेंडा!"

"असंल," आबा म्हणाले. "आमच्या जनाच्या जहाजाचा उचललानी असंल त्यांनी."

काकी "हो का?" म्हणाली, पण तिचे डोळे हसत होते. ती पाच मिनिटांत वाडीभर फिरून आली असणार.

एसटी वेळेवर आली. जना उतरला तो मला आधी ओळखूच आला नाही. डोळ्यांवर काळा चष्मा, अंगात चकचकीत जाकीट, हातात परदेशी विमान कंपनीचं नाव असलेली बॅग. आणि त्या सगळ्याच्या आत माझा भाऊ, गालफडं बसलेला, मानेची हाडं वर आलेला. मला हुंदका आला. तो हसून म्हणाला, "अगो, रडतेस काय? आलो ना?"

आम्ही पायवाटेने निघालो. तो बोलत होता, डर्बनच्या बंदरात केवढे देवमासे आहेत, कॅप्टन कसा ग्रीक आहे. मी हं हं करत होते. खरं सांगायचं तर मला ऐकायला आवडत होतं, इतकं छान सांगत होता. आईसाठी त्याने मऊ चपला आणल्या होत्या, आबांसाठी एक पितळी होकायंत्र. "चोरबाजारातला नाय हां, असली आहे," असं न विचारताच म्हणाला.

सुरूच्या बनाला वळसा घातला की आमचं घर दिसतं. वळणावर आलो आणि तो बोलायचा थांबला.

झेंडा वाऱ्यावर ताठ उभा होता. किल्लीसकट.

जनाने चष्मा काढला. "हे कोणी लावलं?"

"आबांनी."

"कुठून आणलं?"

"शिवलं. घरीच."

तो कुंपणापलीकडे बघत होता. सिंधूकाकी आणि आणखी दोघी-तिघी तिच्या अंगणात येऊन उभ्या होत्या, पाहुणा बघायला. एकीने तोंडाला पदर लावला होता.

"टीव्हीवर बघितलात तुम्ही," तो म्हणाला.

"दादा, आबांना पहिल्यापासून माहीत होतं. फोटो आला त्याच दिवशी त्यांनी ओळखलं."

हे ऐकून त्याला हलकं वाटेल, अशी माझी अटकळ. त्याचा चेहरा मात्र राखेसारखा झाला. "पहिल्यापासून? म्हणजे मी फोनवर सिंगापूर सांगत होतो, डर्बन सांगत होतो, आणि आबा तिकडे..." त्याने चष्मा खिशात कोंबला. "जहाजाच्या मेडिकल तपासणीत उडालो मी, शालन. परत यायचं तोंड नव्हतं. आणि आता हे. सगळ्या गावाला दिसेल असं बांबूवर टांगलं त्यांनी मला."

"नाही रे, तसं नाही."

"मग कसं?"

 कसं ते मलाच माहीत नव्हतं. मी नुसतं म्हणाले, "आई वाट बघतेय. चल ना."

"जा तू पुढे. बॅग घेऊन जा. मी जरा समुद्रावर तोंड धुऊन येतो."

लहानपणीही मार बसला की तो समुद्रावर तोंड धुवायला जायचा आणि येताना डोळे लाल घेऊन यायचा. म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवला. मी बॅग उचलून चार पावलं गेले आणि मागे पाहिलं. तो समुद्राकडे वळला नव्हता. एसटी गावातून फिरून परत निघाली होती, तिच्या दिशेने तो धावत होता. मी हाका मारल्या. वारा समोरून होता.

आबा अंगणात बांबूखाली उभे होते, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, हात मागे बांधून. मी एकटीच येताना पाहून ते पुढे आले.

"झेंडा बघितलान त्याने?"

"बघितला."

"मग?"

"गेला. म्हणाला, आबांनी मला बांबूवर टांगलं."

आबांनी मान वर करून झेंड्याकडे पाहिलं. 

"मानाचा झेंडा होता तो," ते म्हणाले. "जहाज दुसऱ्याच्या बंदरात शिरला की आपल्या डोलकाठीवर त्या देशाचा झेंडा लावतो. तुझ्या घरी आलोय, तुझा मान राखतो, असा त्याचा अर्थ. मी उलटा केला. बंदराने जहाजाचा लावला. म्हटला, तू असशील त्या देशाचा, तू ये. कुठलाही खलाशी बघताक्षणी वळखील..."

आणि तिथे ते थांबले. खलाशी हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला आणि तोंडातच राहिला. त्यांचे ओठ हलत होते. मग ते बांबूला धरून खाली बसले, त्या इस्त्रीच्या सदऱ्यात, सारवलेल्या अंगणात.

आतून आईने विचारलं, "आला काय गो?"

मी जनाची बॅग ओटीवर टेकवली. तिने पुन्हा विचारलं नाही. चुलीवर कालवण उकळत होतं.

जनाचे फोन त्या दिवसापासून बंद झाले. मी दोनदा मुंबईला जाऊन आले. स्टुडिओच्या फाटकावर लोक म्हणाले, पहारेकरी रोज दहा येतात नि दहा जातात, कोणाचं नाव कोण ठेवतंय? त्याची जुनी खोली सापडली, तिथे दुसरं बिऱ्हाड होतं. झेंडा तसाच राहिला. मी एकदा उतरवायला गेले तर आबा म्हणाले, "जहाज बंदर सोडून गेला की मग उतरवतात. ह्यो तर आलाच नाय. मी कधी उतरवू?" तो वाऱ्याने फाटत गेला. आधी पिवळा गेला.

मग एक दिवस आई आपणहून म्हणाली, "माला रत्नागिरीला न्या. डोळे करायचे."

मी चकित झाले. तिच्या त्या पहिल्या तोंडाच्या हट्टाचा विषय मी काढला नाही, कोण काढणार? शनिवारी पट्टी सुटली. डॉक्टर म्हणाले, आजी, बघा. तिने डोळे गच्च मिटून घेतले. काळा चष्मा लावून, त्यावर पदर ओढून ती घरी आली आणि रात्रभर, सकाळभर तशीच चाचपडत वावरली. दुपारी मी चिडून म्हटलं, "एवढे डोळे केलेस ते कशाला?" तिने पदर आणखी खाली ओढला.

रविवारची संध्याकाळ झाली. आबांनी वायर काढली त्या रविवारपासून आमच्याकडे टीव्ही बंद होता, बायका दुसरीकडे जात होत्या. आई पाट घेऊन टीव्हीसमोर बसली आणि म्हणाली, "लाव."

मी आबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी वायर लावली.

असल्या मालिका थोड्याच संपतात? इंजिनिअर अजून तुरुंगातच होता. बुरुज दिसला, झेंडा दिसला. मग कोठडीचं दार उघडलं आणि दारात पहारेकरी उभा राहिला. त्या दिवशी त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हतं.

आईने पदर मागे टाकला, काळा चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि डोळे उघडले. ती पुढे सरकली. दोन्ही हात टीव्हीच्या काचेवरून खाली फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

"वाळलाय गो किती," ती म्हणाली.

 ती मागे न बघताच म्हणाली, "त्या दिवशी बोल्ला होता. हुशार का काय, असा ओरडला होता. आज बोलंल काय?"

आबा जागेवरून उठले आणि टीव्हीकडे गेले. मला वाटलं, वायर काढतायत. त्यांनी आवाज मोठा केला.